उंबरवाडीचे सहा बरे

"या बकुळाबाई, पेढा घ्या. खरं म्हणजे तुम्हीच आणायचे होते. तुमची उंबरवाडी पहिली आली!"

दवाखान्यात पाऊल ठेवते न ठेवते तोच हेमचंद्र गुप्त्यांनी पुडा माझ्यापुढे धरला. हेमचंद्र आमच्या दवाखान्याचे कारकून. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका जुन्या लष्करी बराकीत आमचा क्षयाचा दवाखाना होता, आणि बदलापूरकडची नऊ गावे-वाड्या माझ्याकडे होत्या. घरोघर जायचे, खोकणाऱ्याला समजावून दवाखान्यात आणायचे, गोळ्या पोचवायच्या, आणि पुढे काय झाले ते डायरीत लिहायचे, हे माझे काम. त्या डायरीतले मोठ्या रजिस्टरात चढवायचे आणि बेरजा मारायच्या, हे हेमचंद्रांचे.

पहिली आली? कशात? वाडी काय परीक्षेला बसली होती?

त्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे नवा तक्ता लावला होता, दोन रंगांच्या शाईत, वर कमळ काढलेले. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार होते, त्यांच्यासाठी ही आरास. तक्त्यात सगळ्यांत वर आमची वाडी. उंबरवाडी : रुग्ण सात, बरे सहा, चालू एक, मृत शून्य.

मी त्या शून्याकडे पाहात राहिले. काय सुबक काढले होते! आणि त्या शून्यात मला आवडी दिसली.

आवडी ही गोमाची बायको. नुकत्याच सरलेल्या माघात ती गेली. आदल्या दिवशी मी तिच्या उशाशी होते. तिने ओकलेले रक्त मी माझ्या हाताने राखेने झाकले होते. तिच्या आधी वर्षभरात त्याच वाडीतली चार माणसे तशीच खोकून खोकून संपली होती. सातांपैकी पदू तेवढा खरोखर बरा होऊन रानात लाकूडतोडीला जात होता, आणि म्हातारी येसू गोळ्या खात होती. बाकी पाच मातीत.

"हेमचंद्र, उंबरवाडीत पाच माणसं मेलीत."

"छे हो! मृताच्या रकान्यात एक नाही. हे बघा की, तुमचंच अक्षर."

त्यांनी माझी डायरी काढली. माझेच अक्षर होते. 'आवडी गोमा. निकाल : सुटली.' मागची पाने उलटली. सुटला. सुटली. सुटला. सुटला. फक्त पदूपुढे 'बरा झाला'.

"अहो, सुटली म्हणजे..."

"सुटली म्हणजे सुटली! आजाराच्या तावडीतून. बाई, मी ठाण्याला कोर्टात अकरा वर्षं 'सुटला' लिहीत होतो. तो काय फासावर गेलेल्याच्या नावापुढे लिहायचा?"

"तुमची आजी गेली तेव्हा घरात काय म्हणाले होते लोक?"

"'सुटली बिचारी' असंच..." आणि ते थांबले. तोंडाकडे नेलेला पेढा हातातच राहिला. पण कोर्टात मुरलेला माणूस, लगेच सावरला. "ते घरात, बकुळाबाई. सरकारी रजिस्टरात घरातले शब्द कशाला घालता? सरळ 'मेली' लिहायला शाई जास्त लागत होती का?"

टोला बरोबर बसला, आणि बसला म्हणूनच मी जास्त भडकले. "आणि तुम्हाला विचारायला तोंड नव्हतं? एका वाडीत सातातले सहा बरे होतात, एवढं अद्‌भुत घडतंय, तर या बाईला बोलावून विचारावं, असं एकदाही वाटलं नाही? मेलेल्यांना बरे करून पहिला नंबर काढताय, आणि वर पेढे!"

"सावकाश बोला, बाहेर पेशंट आहेत," ते म्हणाले.

नुसत्या तक्त्याची गोष्ट असती तर मी रामनाम घेऊन गप्पही बसले असते. पण तक्त्याशेजारी दुसरा कागद होता. फोटोच्या मोटारीची यादी. छातीचा फोटो काढणारी एक मोटार महिनाभर आमच्या भागात फिरणार होती. गावात उभी राहायची आणि लहानथोर सगळ्यांचे फोटो काढायची. पण गावे पुष्कळ आणि मोटार एक, म्हणून नियम केला होता : गेल्या वर्षात जिथे क्षयाने माणूस दगावले तिथेच जायचे. यादीत माझी चार गावे होती. उंबरवाडी नव्हती. का असेल? तिथे कोणी मेलेच नव्हते ना!

आणि उंबरवाडीत आवडीची मुलगी सोनी खोकत होती.

सतरा वर्षांची पोर. आईची सेवा तिनेच केली, आईजवळ तीच निजली. फाल्गुनात मी गेले तेव्हा तिची चोळी दंडावर सैल झाली होती आणि दुपारी डोळे तापलेले दिसत होते. मी तिला दवाखान्यात चल म्हटले तर गोमाने हात जोडले. "बाय, त्या दवाखान्याची पायरी चडली की गावभर व्हतं. अखितीला तिचं लगीन हाय." अक्षय्य तृतीयेला, वांगणीच्या सखाच्या मुलाशी ठरले होते. थुंकी तपासायला डबी दिली, ती सोनीने चुलीमागे टाकली. फोटोची मोटार ही एकच वाट होती. सगळ्या वाडीचे फोटो निघाले असते, त्यात तिचाही निघाला असता, कोणी तिच्याकडे बोट दाखवले नसते. ती वाट माझ्या एका शब्दाने बुजली होती.

मी तशीच डॉक्टर होतचंदांच्या खोलीत गेले. डॉक्टर सिंधमधून आलेले, गरीब स्वभावाचे. मला 'अदी' म्हणत. त्यांच्या भाषेत बहिणीला अदी म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला.

"अदी, तक्ता मी आता फाडतो. वो क्या बडी बात है. पण मोटारीच्या यादीवर साहेबांची सही झाली. मी उद्या सांगितलं पाच मेले, तर ते म्हणतील सबूत दाखव. तुमची डायरी बोलते सुटली. तुम्ही बोलता मेली. आता मी कोणत्या बकुळाबाईवर भरोसा ठेवू?"

"जी समोर उभी आहे तिच्यावर!"

"मी ठेवतो. कागद ठेवत नाही." त्यांनी चष्मा घातला. "पोलीस पाटलाकडे मृत्यूची वही असते. त्यात क्षय लिहिला असेल तर घेऊन या. नाहीतर घरवाल्यांचा जबाब, अंगठ्यासकट. मग मी साहेबांपुढे उभा राहतो. वचन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उंबरवाडीची वाट धरली. बेलवलीहून, मी राहते तिथून, बारवीच्या अंगाला दीड तासाची चढण. पोलीस पाटील कोंडाजी खळ्यात बसून दोर वळत होता. वही मागितल्यावर त्याने ती धान्याच्या कणगीमागून काढून फुंकर मारून दिली. मी पाने उलटली.

गोमाची बायको : ताप. ताप. ताप. ताप. ताप.

"कोंडाजी, हे काय? ही सगळी माणसं तापाने मेली?"

"वहीत घरं किती हायेत बग ना बाय. पटकी, देवी, ताप. पटकी नाय, देवी नाय, मंग ताप."

"आणि हा भिवा? याला तर फुरसं चावलं होतं! मला माहीत आहे."

"मरताना अंग तापला व्हता त्याचा," कोंडाजी शांतपणे म्हणाला. "ताप नाय तर काय गारवा लिवू?"

हसावे की कपाळ बडवून घ्यावे ते कळेना. पाटील ताप लिहितो, मी सुटली लिहिते, हेमचंद्र बरी लिहितात, आणि साहेब सही करतात. चार हात, चार वह्या, आणि एका बाईचे मरण एकातही नाही! जिवंतपणी तिला कोणी विचारले नाही, आणि मेल्यावर तिला मरूसुद्धा देत नाहीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण खरे सांगते, त्या लाहीतली निम्मी आच माझ्यावरच होती. साखळीतली पहिली कडी मीच होते. पाटलाला अक्षरे जेमतेम येत. हेमचंद्रांनी आवडीला पाहिले नव्हते. मी पाहिले होते, मला लिहिता येत होते, आणि तरी मी ते लिहिले नाही. का? तर लेखणी धजली नाही. 'मेली' लिहायला जीभ नव्हे, बोट अडखळले. आवडी पाच महिने तडफडली, तिच्यासाठी तो शब्द मला गोड वाटला. गोड वाटला म्हणून लिहिला! रजिस्टर काय गोडाधोडासाठी असते?

गोमाच्या दारात गेले तर सोनी अंगणात तांदूळ पाखडत होती. मला पाहताच तिने खोकला गिळला. गिळलेला खोकला दिसतो. मानेच्या शिरा ताठ होतात.

"मना काय नाय जालंय," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "कोंडा नाकात गेला."

"रोज जातो का कोंडा?"

"तू रोज येतेस का बगायला?" ती सूप घेऊन आत निघून गेली.

गोमा ओट्यावर बसला होता. मी त्याला सगळे सांगितले, मोटारीचे, यादीचे, माझ्या चुकीचे. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"म्हंजे मी बोलायचा, का आवडी क्षयानं गेली."

"हो."

"नि ता कागदाव जायचा."

"हो."

"नि सखाला कललां का दुसऱ्या दिशी नारल परत." त्याने वर पाहिले. "सगल्यांचा फोटू निंगाला तर माजी ना नाय, बाय. सगल्यांत तिचा बी निंगंल. पन मी एकलाच उठून कसा बोलू? माजी एकच पोर हाय."

"एकच आहे म्हणूनच बोल ना!" मी ओरडलेच. "लग्न करून देशील आणि वर्षात तिची तिरडी बांधशील, मग काय म्हणशील? सुटली म्हणशील?"

आतून सूप आपटल्याचा आवाज आला.

बाकीच्या चार घरीही तेच. कोणाला सून आणायची होती, कोणाला मुलगी द्यायची होती. "सुटला तो, आता कशाला उकरतेस?" प्रत्येक घरी तोच शब्द, माझाच, माझ्या तोंडावर मारल्यासारखा.

रामनवमीला बेलवलीच्या देवळात दरवर्षी कीर्तन असते. त्या साली चिंतामणीबुवा येणार होते. आदल्या दिवशी दुपारी ते आले. पाय धुवायला पाणी दिले, आणि त्यांच्यापुढे मी मन मोकळे केले. कीर्तन हा माझा विसावा. यजमान गेल्यापासून वीस वर्षे मी बुवांना ऐकत आले. माझे दुःख त्यांच्या झांजांनी किती वेळा हलके केले आहे ते रामाला ठाऊक. म्हटले, बुवा, नारदाच्या गादीसमोर कोणी खोटे बोलत नाही. उंबरवाडीची माणसे उद्या येतील. तुम्ही गादीवरून विचारा, ती नाही म्हणणार नाहीत.

बुवांनी मान हलवली. "मी गादीवर उभा राहून कुणाची उलटतपासणी घेणार नाही, बकुळा. ते देवाचं घर आहे, कचेरी नाही."

"मग ती पोर मरू दे म्हणता?"

"तसं नाही म्हणालो." त्यांना माझा राग आला नाही. "पूर्वरंग संपला की मला हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात. तेवढा वेळ माझा नसतो, सभेचा असतो. तो तुला दिला. पण एक सांगतो. आधी स्वतःचं बोल, मग दुसऱ्याचं."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. मांजर्लीची, बेलवलीची मंडळी पुढे, वाड्यांवरची माणसे मागे खांबांना टेकून. सोनी बायकांत, माझ्यापासून चार हातांवर. पुरुषांत गोमा, आणि त्याच्यापलीकडे वांगणीचा सखा, सोनीचा होणारा सासरा, नवे मुंडासे बांधून.

पूर्वरंग कसा झाला ते मला आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझे कीर्तनात लक्ष नव्हते. गजर थांबला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्क्याची वाटी फिरू लागली. बुवांनी माझ्याकडे पाहिले. मी उभी राहिले. वीस वर्षांत कीर्तनात मी गजराखेरीज तोंड उघडले नव्हते.

"मला एक कबुली द्यायची आहे," मी म्हणाले. "गेल्या वर्षात उंबरवाडीची पाच माणसं क्षयाने मेली. मी सरकारी वहीत लिहिलं, सुटली. तिथे वाचणाऱ्याने वाचलं, बरी झाली. आता सरकार म्हणतंय, उंबरवाडीत आजारच नाही, तिथे फोटोची मोटार कशाला? त्या वाडीत आज जी माणसं खोकताहेत ती मेली तर त्यांच्या मरणात माझी बोटं आहेत. मी रामासमोर सांगते, ती सुटली नव्हती. मेली होती. मी खोटं लिहिलं."

पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ काठी आपटून म्हणाले, "रामजन्माच्या दिवशी मरणाच्या गोष्टी? काही काळवेळ आहे की नाही?"

मी काही बोलणार तोच बुवा बोलले. "आजोबा, रामाचा बाप याच कथेत मरतो. कथा सांगणारा ते लपवीत नाही. कशानं मेला तेसुद्धा सांगतो, पुत्रशोकानं. 'दशरथ तापानं गेला' असं सांगितलं असतं तर पुढची कथा कुणाला समजली असती?" मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात धार आली. "आणि बकुळा, 'सुटला' हा आमचा शब्द आहे. जीव कुठे गेला ते आम्ही सांगतो. देह कशानं पडला ते सांगायचं काम तुझं. आमचा शब्द तू तुझ्या वहीत नेलास कशाला?"

भर सभेत त्यांनी मला हे विचारले. मान खाली गेली. बुक्क्याची वाटी कुणाच्या तरी हातात तशीच थांबली होती.

मागे खांबापाशी हालचाल झाली. गोमा उभा राहिला होता. त्याने पटका काढून हातात धरला होता.

"माजी आवडी मेली," तो म्हणाला. आवाज एवढा लहान की पुढच्यांनी माना वळवल्या. मग त्याने तो वर चढवला. "खोकून मेली. रगात वकून मेली. क्षयानं मेली. पाटलाला मीच सांगला ताप. मी लबाड बोललो."

सखा उठला. कोणाकडे न बघता चपला शोधून चालू लागला. गोमाने त्याला जाताना पाहिले, पण तो खाली बसला नाही.

मग एक म्हातारी उठली. "माजा ल्योक पन. त्याच रोगानं." मग एकाने भावाचे नाव घेतले. मग दोघे एकदम बोलू लागले. कोंडाजी पाटील मागून म्हणाला, "लिव बाय, लिव, मी सही करतो. माजी वही गेली चुलीत." मी लिहीत गेले. पेटीवाल्याने वर्गणीच्या वहीजवळची शाईची दौत अंगठ्यांसाठी आणून दिली. पाच नावे, पाच घरे, पाच अंगठे, खाली कोंडाजीची वाकडी सही. लिहिताना प्रत्येक नावापुढे मी तो शब्द दाबून, ठळक लिहिला. मृत. क्षय.

बुवांनी झांज उचलली आणि उत्तररंगाला सुरुवात केली. बाराला रामजन्म झाला, पाळणा हलला, फुले उधळली. सोनी जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी मी कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अंगठे एकेक करून पाहिले. हेमचंद्र मागे उभे होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तक्ता तेवढा आजचा दिवस राहू दे. फार मेहनत झाली आहे. उद्या बदलू."

"हेमचंद्र," डॉक्टर म्हणाले, "मी सक्करहून आलो तेव्हा माझा कागद नव्हता. डिग्री होती, कागद नव्हता. सहा महिने मी बोलत होतो, मी डॉक्टर आहे. बाबू बोलायचा, कागदात नाही, तर नाही. मला माहीत आहे, कागदात नसणं काय असतं." ते उठले आणि कमळासकट तक्ता त्यांनी स्वतः उतरवला.

साहेब आले. नवा आकडा ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पहिला आकडा फार चांगला होता," ते म्हणाले. अगदी हेच शब्द. माणसे मेल्याचे त्यांना काही वाटले नाही, आकडा गेल्याचे वाटले! मी पुढे सरकले, तसे डॉक्टरांनी मला डोळ्यांनी मागे सारले आणि अदबीने म्हणाले, "जी. लेकिन झूठा था." साहेबांनी अंगठ्यांचा कागद दोनदा वाचला, आणि यादीच्या शेवटी, समासात, उंबरवाडी लिहिली.

हेमचंद्रांचे मात्र मला नवल वाटले. त्या संध्याकाळी ते घरी गेले नाहीत. माझ्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्या सगळ्या बायांच्या डायऱ्या घेऊन बसले. दोन दिवसांनी मी गेले तर चेहरा उतरलेला.

"बकुळाबाई, तुमचे पाच धरून एकूण एकतीस. मी बरे केलेले." त्यांनी घाम पुसला. "आणि अंबरनाथकडच्या बाई 'गेला' लिहितात. ते मी सगळे 'गाव सोडून गेला'मध्ये टाकलेत. चौदा. आणि त्या एकतिसांतच एका ठिकाणी 'शांत झाल्या'. मला वाटलं खोकला शांत झाला."

एकतीस आणि चौदा! पंचेचाळीस माणसे आम्ही सगळ्यांनी मिळून सभ्य शब्दांखाली पुरली होती, आणि त्यांच्या पाठी राहिलेली घरे मोकळी सोडली होती. त्या दिवशी हेमचंद्रांना मी काही बोलले नाही. आम्ही दोघांनी बसून नवा नियम लिहिला : निकालाच्या रकान्यात चारच शब्द चालतील, बरा, चालू, गाव सोडला, मृत; आणि मृत असेल तर तारीख, कारण आणि सांगणाऱ्याचे नाव. बायांना तो वाचून दाखवताना दोघी रडल्या. रडा म्हटले, पण लिहा.

मोटार वैशाखात आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, म्हणून ती ओढ्यापाशी उभी राहिली आणि सबंध वाडी डोंगर उतरून आली. एकशे बारा माणसे. सोनी बापाच्या मागे उभी होती, मुंडी खाली. अक्षय्य तृतीया येऊन गेली होती. नारळ सखाने कीर्तनाच्या तिसऱ्याच दिवशी परत पाठवला होता.

फोटोंत चौघे सापडले. तिघांच्या थुंकीत जंतू निघाले. चौथी सोनी. उजव्या बाजूला वर, रुपयाएवढा डाग. "वेळेवर सापडली," डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले. "तीन-चार महिने आणखी गेले असते तर मी काही वचन दिलं नसतं. आता गोळ्या चुकवू नको म्हणावं. दीड वर्ष."

दीड वर्ष मी दर आठवड्याला ती चढण चढले. पहिले दोन महिने सोनी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी गेले की भिंतीकडे तोंड करून बसायची, हात तेवढा मागे करायची, गोळ्या घ्यायची. तिच्या रागाला कारण होते. ज्या सभेत मी माझे पाप हलके केले त्याच सभेत तिचे लग्न मोडले. माझा शब्द चुकला आणि भरपाई तिने केली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या.

आषाढात एकदा ओढे भरून वाहत होते. मी चिंब भिजून, गुडघा फोडून घेऊन दारात पोचले. सोनी उंबऱ्यात उभी होती. जरा अंग धरले होते तिने. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली,

"मरायचाय का तुला? एवड्या पान्यात कशाला आलीस?"

"गोळ्या संपल्या असतील तुझ्या."

"तुज्यामुलं माजा लगीन मोडला."

"हो."

"हो काय हो? बोल ना कायतरी."

"काय बोलू? खरं आहे ते."

तिने आत जाऊन चुलीतली गरम राख फडक्यात बांधून आणली आणि माझ्या गुडघ्यावर दाबली, जरा जोरातच. "मी बरी जाले का नवरा तूच बगायचा. नि त्याला आदी सांगायचा, हिची आयस कशानं मेली, हिला काय जालतां, सगला. मंग हो बोलला तर हो. नाय बोलला तर ऱ्हाऊ दे त्याला त्याच्या घरी."

"बघेन."

"सखाच्या ल्योकासारका बापापुढं मुका नको."

"बरं."

तिने हात पुढे केला. मी गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने तोंडात टाकल्या, लोट्यातल्या पाण्याबरोबर गिळल्या. पण नियम तो नियम. काही माणसे गोळी गालात धरून मागून थुंकतात.

"जीभ दाखव," मी म्हटले.

तिने दाखवली. तपासायला लागते त्यापेक्षा जरा जास्तच लांब.